मोहन मला ओळखतो, याचा पुरावा

मी कोणालाही फसवलेलं नाही, हे आधी सांगून ठेवतो. एरवी सांगायची वेळ आली नसती. पण गेल्या महिन्यात बँकेनं, माझ्या मित्रानं, मित्राच्या बायकोनं आणि माझ्या स्वतःच्या बायकोनं, अशा चौघांनी चार वेगवेगळ्या आवाजांत मला एकच प्रश्न विचारला, की तुम्ही हे केलंच काहून? पाचवा कोणी विचारायच्या आत मीच सगळं सांगून टाकतो.

मोहन खानझोडे आणि मी, भय्यासाहेब सुभेदार, जबलपूरच्या फॅक्टरीत एकाच सकाळी रुजू झालो, शेजारशेजारच्या क्वार्टरात राहिलो आणि एकाच महिन्यात रिटायर झालो. मग जबलपुरातच तो सदर भागात गेला, मी राइट टाउनला आलो. त्याची बायको शैलजा हिला सख्खा भाऊ नाही. लग्न होऊन ती जबलपूरला आली त्या पहिल्याच दिवाळीत ताट घेऊन आमच्या दारात उभी राहिली आणि मला ओवाळून गेली. तेव्हापासून मी तिचा दादा. पुढे त्यांना यशश्री झाली, तेव्हा बारशाच्या दिवशीच ठरून गेलं की हिच्या लग्नात मामा म्हणून भय्यासाहेबच उभे राहणार. मुलीला हाताला धरून बोहल्यावर आणायचं आणि मंगलाष्टकं होईपर्यंत तिच्या मागं उभं राहायचं, एवढंच काम. त्या वेळी यशश्री साडेसात पौंडांची होती. मी लगेच हो म्हटलं.

सव्वीस वर्षांनी लग्न ठरलं. मुलाकडच्यांच्या सोयीनं नागपूरला, रविवारी, अकरा वाजून सदतीस मिनिटांनी. त्याच सुमारास माझ्या उजव्या डोळ्यातला मोतीबिंदू पिकला. डॉक्टरांनी दोन तारखा दिल्या. एक लग्नाच्या बारा दिवस आधीची, एक लग्नानंतरची. नंतरची नेमकी अमावास्येला येत होती, म्हणून मी आधीची घेतली. यात माझं काय चुकलं, हे मला अजून कोणी शांत आवाजात समजावून दिलेलं नाही. ऑपरेशन उत्तम झालं. डॉक्टर म्हणाले, महिनाभर धूळ नको, धूर नको, गर्दी नको, आणि प्रवास तर नकोच. आता या चार गोष्टी वगळल्या तर लग्नात उरतं काय?

मोहनला फोन करून सांगितलं.

"अच्छा," तो म्हणाला.

"रागावला का बे?"

"नाही. चलो, डोळा सांभाळ."

जबलपूरचा माणूस 'अच्छा' आणि 'चलो' पाठोपाठ म्हणाला की पुढं बोलण्यासारखं काही राहिलेलं नसतं. पण त्या वेळी मी डोळ्यात थेंब टाकून आडवा होतो. मला वाटलं, मोठ्या मनाचा माणूस.

जाता येत नाही, तर निदान आहेर तरी मामाला शोभेल असा करावा म्हणून मी पंचवीस हजार एक ठरवले. पाठवायची सोयही तयार होती. मोहनचा पुतण्या बंटी याचं गोहलपुरात मोबाइलचं दुकान आहे. त्यानं मोहनच्या खात्याचा तो चौकोनी नक्षीचा कोड सगळ्या नातेवाइकांना पाठवला होता आणि खाली लिहिलं होतं, "लिफ़ाफ़े की झंझट छोड़ें, आशीर्वाद सीधे खाते में।" मला हे आवडलं. एवढ्या थोड्या शब्दांत कोणी आपल्या मनातलं बोललेलं मी बरेच दिवसांत वाचलं नव्हतं.

आता माझा नियम. म्हणजे नियम आमच्या ऋचाचा, ती बंगळुरूहून मला फोनवर फोन शिकवत असते. "बाबा, नवीन खात्यात पैसे पाठवायचे ना, तर पहले एक रुपया भेजो. समोरचा मिळाला म्हणाला, की मगच बाकीचे." चांगला नियम आहे. त्याच्यावर विचार करताना मला एक गोष्ट सुचली आणि मी स्वतःवरच खूश झालो. तपासणीला एक रुपया लागतो. आहेरातही वर एक रुपया लागतोच. मग दोन्ही कामांना एकच रुपया काहून चालू नये? आधी एक पाठवायचा, तो पोचला की मागून पंचवीस हजार. तपासणीही झाली, आहेरही पुरा झाला. माझ्या बायकोला, विनताला, सांगितलं. ती म्हणाली, "एवढी अक्कल नोकरीत चालवली असती तर." याला मी होकार समजलो.

रविवारी सकाळी आंघोळ करून, कोट घालून, डोळ्यावर काळा चष्मा लावून मी फोन हातात घेतला. कोट का घातला, असं विनतानं विचारलं. मी म्हटलं, आहेर करून राहिलो, भाजी घेत नाही. अकरा वीसला एक रुपया पाठवला आणि मोहनला फोन लावला, मिळाला का विचारायला. त्यानं उचलला नाही. पुन्हा लावला, पुन्हा नाही. मुलीचा बाप बोहल्याजवळ असतो हे मान्य, पण फोन खिशात असतो ना? पाच मिनिटं वाट पाहिली. न जाणो, पहिला वाटेत कुठं अडकला असेल, म्हणून आणखी एक रुपया पाठवला.

विनता पाठीमागून पाहत होती. "म्हणजे आता दोन झाले?"

"झाले."

"आणि त्याच्यावर पंचवीस हजार? पंचवीस हजार दोन? अहो, शुभकार्यात कोणी सम आकड्याचा आहेर करतं का? आपल्या घराण्यात नाही झालं असं."

बरोबर होतं तिचं. दोनाचा एक करता येत नव्हता, पण तीन करता येत होते. तो तिसरा रुपया मात्र मी घाईनं पाठवला नाही. थांबलो, घड्याळाकडं पाहत राहिलो आणि बरोबर अकरा सदतीसला, ऐन मुहूर्तावर, पाठवला. शरीरानं लांब असलो तरी वेळ साधली, याचं मला फार समाधान वाटलं.

मग पंचवीस हजार टाकले. फोननं विचारलं, "क्या आप इस व्यक्ति को जानते हैं?"

हा प्रश्न मला आवडला नाही. ज्याच्या बारा ठिकाणी गळणाऱ्या स्कूटरवर मागं बसून मी बारा वर्षं कामावर गेलो, त्याला ओळखतो का, असं मला माझाच फोन विचारून राहिला होता. तरी रागावर ताबा ठेवून 'हाँ' दाबलं. उत्तर आलं, आपकी सुरक्षा के लिए यह भुगतान रोक दिया गया है। पुन्हा टाकले. मग आलं की खातंच तात्पुरतं बंद केलं आहे, शाखेत या. रविवारी. कोट घालून बसलेल्या माणसाला.

दुपारी साडेतीनला शैलजाचा फोन आला. मी आनंदानं उचलला.

"पार पडलं ना गं सगळं?"

"दादा, आमच्यात तुम्हाला काय कमी पडलं होतं?"

"काहून? काय झालं?"

"काय झालं म्हणे!" मागं भांडी आपटल्याचे आवाज येत होते, हॉल रिकामा करणं चाललं असावं. "बंटीनं आहेराच्या टेबलावर तो बोलणारा डबा आणून ठेवला होता. पानठेल्यावर असतो ना, पैसे आले की ओरडून सांगतो, तो. सकाळपासून बोलून राहिला होता, पाँच सौ एक रुपये प्राप्त हुए, ग्यारह सौ एक रुपये प्राप्त हुए. लोकांना मजा येऊन राहिली होती. आणि मग म्हणतो, एक रुपये प्राप्त हुए."

मी कोटाचं वरचं बटण सोडलं.

"लोक हसले. वाटलं, एखाद्या पोरानं चावटपणा केला. थोड्या वेळानं पुन्हा, एक रुपये प्राप्त हुए. मुलाचे काका विचारतात, हे दानशूर कोण? तर बंटी मोबाइल पाहून सांगतो, भय्यासाहेब सुभेदार, मुलीचे मामा. सगळ्यांच्या समोर! आणि तिसरा कधी आला, माहीत आहे? गुरुजींनी सावधान म्हटलं, अक्षता पडल्या, वाजंत्रीवाल्यानं सनई तोंडाला लावली, तेवढ्या फटीत."

"मी मुहूर्त साधला होता, शैलजा!"

"हो ना. सगळ्या हॉलला कळलं."

"अगं, मी मागून पंचवीस हजार पाठवून राहिलो होतो."

"मग आले काहून नाहीत?"

"बँकेनं रोखले."

"बँकेनं एकेक करून तीन रुपये जाऊ दिले आणि पंचवीस हजार रोखले? दादा, बत्तीस वर्षं शाळेत काढली मी. वही घरी राहिली म्हणणारी पोरं रोज पाहिली." मग तिचा आवाज खाली आला. "यशूच्या मागं मामा म्हणून बंटी उभा होता. डबा बोलला, तेव्हा तिनं मागं वळून पाहिलं." आणि तिनं फोन ठेवला.

आता माझं म्हणणं ऐका. माणूस आजारी आहे, डोळा नवा आहे, तरी तो कोट घालून आहेर करून राहिला आहे. डबा ठेवला बंटीनं. नाव फोडलं बंटीनं. पैसे रोखले बँकेनं. आणि दोष कोणाचा? विनता म्हणाली, जा, सदरला जाऊन माफी मागा. मी म्हटलं, कशाबद्दल? ती म्हणाली, ते तिथं गेल्यावर कळेल. अशा मोघम कारणासाठी मी कधी माफी मागितलेली नाही.

सोमवारी दहाच्या ठोक्याला मी शाखेत हजर झालो. बँकेचं नाव घेत नाही. माझ्याही नावाची तिथं कोणाला गरज नव्हती, मी कस्टमर होतो. टेबलावर एक तरुण बाई होत्या, प्रणोती नावाच्या. मी मराठीत सुरुवात केली तर म्हणाल्या, "अंकल, हम भी मराठी हैं. समजतं सगळं, बोलने में अटक जाती हूँ." बरं वाटलं. म्हटलं, आपलं माणूस.

आपल्या माणसानं संगणक पाहिला आणि कपाळाला आठ्या घातल्या. "अंकल, पैटर्न देखिए. छोटी रकम, छोटी रकम, छोटी रकम, फिर एकदम बड़ी रकम. ठग लोग यही करते हैं."

"पण मॅडम, मी पैसे देऊन राहिलो होतो. ठग पैसे देतो का?"

त्यांनी क्षणभर विचार केला. "सिस्टम ने पकड़ा है अंकल."

सिस्टमनं पकडलं म्हणजे विषय संपला. ठगाला मुद्देमालासह पकडतात हे मी ऐकलं होतं. इथं मुद्देमालही माझा आणि ठगही मीच. तरी त्या पोरीनं मार्ग काढला. ज्येष्ठ नागरिकांच्या भल्यासाठी म्हणे नवा नियम आहे, की पैसे घेणाऱ्यानं 'मी देणाऱ्याला ओळखतो' एवढं सांगितलं की काम होतं. मोहनचंही पेन्शनचं खातं याच शाखेत. म्हणाल्या, बस एक फ़ोन. आणि मलाही ऐकू यावं म्हणून फोनचा आवाज मोठा केला. मोहन सकाळच्याच गाडीनं नागपूरहून परतला होता.

"सर, बैंक से बोल रही हूँ. आप भय्यासाहेब सुभेदार को जानते हैं?"

मग मोहनचा आवाज, पूजेला बसल्यासारखा सावकाश.

"कौन सुभेदार?"

"राइट टाउन वाले, सर."

"नहीं मैडम. हमारी पहचान में कोई सुभेदार नहीं है."

मी टेबलावर वाकलो. वाकायलाही डॉक्टरांनी मनाई केली होती. "मोहन! नाटकं करू नको बे! मी बोलून राहिलो!"

"मैडम, ये पीछे कौन चिल्ला रहा है?"

"सर, यही हैं."

"आवाज़ भी नहीं पहचानी," मोहन म्हणाला आणि फोन बंद झाला.

प्रणोतीबाईंनी माझ्याकडं पाहिलं, मग टेबलावरचा स्वतःचा मोबाइल उचलून ड्रॉवरमध्ये ठेवला. संगणकावर काहीतरी लिहिलं. काय लिहिलं विचारलं, तर म्हणाल्या, "पाने वाले ने पहचान से इनकार किया." खातं आता तात्पुरतं नाही, चौकशी होईपर्यंत बंद.

"आणि माझी पेन्शन?"

"आएगी अंकल, बिल्कुल आएगी. आ सकती है, जा नहीं सकती."

उघडायचं असेल तर ओळखीचा पुरावा द्या म्हणाल्या. मी घरी येऊन पुरावा शोधायला बसलो. माणसाला या देशात स्वतःला सिद्ध करायला निदान पाच कागद लागतात, आणि ते पाचही माझ्याकडं आहेत. पण मोहन माझा मित्र आहे, याचा एकही नाही. विजेचं बिल येतं, पाण्याचं येतं. मैत्रीचं बिल कोणी पाठवलं असतं तर मी ते वेळेवर भरून पावती जपून ठेवली असती. शेवटी अल्बम काढला. भेडाघाटच्या सहलीचा फोटो, मोहनच्या खांद्यावर माझा हात, दोघांच्याही पँटी खाली घेरदार. मंगळवारी तो घेऊन गेलो.

"अंकल, इसमें आप कौन से हैं?"

दाखवलं. त्यांनी एकदा फोटो पाहिला, एकदा मला पाहिलं आणि फोटो आदरानं परत दिला. बुधवारी लग्नपत्रिका नेली. तिच्यात 'मामा' म्हणून माझं नाव सोनेरी अक्षरांत छापलेलं. त्या म्हणाल्या, ये तो कोई भी छपवा सकता है. मी विचारलं, पंचवीस हजार रुपये स्वतःच्या खात्यातून बाहेर पाठवता यावेत म्हणून कोणता ठग चारशे पत्रिका छापून घेईल? यावर त्यांनी मला पाणी दिलं.

तो आठवडा मी विनताच्या पैशावर काढला. भाजीला निघालो की ती पिशवीबरोबर शंभराची नोट द्यायची आणि "उरलेले परत आणा" म्हणायची. रोज एकदा सदरला जाण्याचं सुचवायची. मी रोज नकार द्यायचो. ज्या माणसानं भर शाखेत मला ओळखायला नकार दिला, त्याच्या दारात मी जाऊ? आणि तिथं जाऊन सांगू काय, मी कोण म्हणून?

पुढच्या सोमवारी मी पुन्हा शाखेत बसलो होतो. या वेळी कागदपत्रं नव्हती, नुसताच बसलो होतो. निषेध म्हणून. तेवढ्यात दार ढकलून मोहन आत आला, मागून शैलजा. मोहनचा चेहरा तांबडा झाला होता. माझ्याकडं न पाहता तो सरळ टेबलाशी गेला.

"मैडम, हमारा खाता किसने बंद किया?"

मला आनंद झाला नाही, असं मी म्हणणार नाही. झालं होतं असं. मोहननं मला ओळखत नाही म्हटलं, त्याच क्षणी त्याच्या खात्यातले ते तीन रुपये अनोळखी माणसाकडून आलेले संशयाचे पैसे ठरले. आणि संशयाचे तीन रुपये ज्या खात्यात, ते सगळं खातं बंद. त्यातच सगळ्यांचा आहेर. खोव्याची जिलेबी करायला जबलपूरहून नागपूरला नेलेल्या हलवायाला मोहननं चेक दिला होता, तो परत आला आणि हलवाई सकाळपासून मोहनच्या व्हरांड्यात बसून होता.

"तीन रुपयांसाठी?" मोहन ओरडला. "तीन रुपये होते हैं क्या मैडम?"

"सर, आपने ही कहा था कि नहीं जानते."

"ग़ुस्से में कहा था!"

"सिस्टम में ग़ुस्से का कॉलम नहीं है, सर."

मी बसल्या जागेवरून म्हटलं, "आता ओळखतो का?"

तो वळला. "तू गप बस बे! सगळं तुझ्यामुळं."

"माझ्यामुळं? डबा कोणी ठेवला? आवाज नहीं पहचानी म्हणे! लाज नाही वाटली?"

"तुला वाटली का, तीन रुपये आहेर करताना?"

"पंचवीस हजार तीन होते ते!"

पासबुकाच्या रांगेतला एक सरदारजी म्हणाला, "अंकल जी, लड़ाई उधर कर लो, हमारी एंट्री होने दो." गार्ड जवळ येऊन उभा राहिला. आणि मग मोहनचा आवाज अचानक उतरला. मला त्याचं ओरडणं चाललं असतं.

"रुपयाचं सोड," तो म्हणाला. "तीन पाठव नाहीतर तीस पाठव. यशू शनिवारी रात्रीपासून विचारून राहिली होती, भय्यामामा पोचला का? मी म्हणून राहिलो होतो, येईल, नाही म्हटलं तरी येईल तो. सकाळच्या गाडीनं येईल. स्टेशनवर बंटीला उभा केला होता. मी ओळखतो ना त्याला, म्हणून राहिलो होतो. मग नाही आलास. तर मॅडमला काय चुकीचं सांगितलं मी? नाही ओळखत."

"डॉक्टरनं सांगितलं होतं..."

"डॉक्टरनं दोन तारखा दिल्या होत्या. अमावास्येला डॉक्टरचे हात थरथरतात का?"

याला उत्तर होतं माझ्याकडं. गेले आठ दिवस घासूनपुसून ठेवलेलं उत्तर होतं. पण शैलजा माझ्याकडं पाहत होती, आणि ते उत्तर तिच्यासमोर काढण्यासारखं नव्हतं. मी काळा चष्मा काढून पुसला. तो स्वच्छच होता.

प्रणोतीबाईंनी एक फॉर्म पुढं केला. दोन्ही खाती उघडतील, पण खानझोडे सरांनी लेखी द्यावं लागेल की ते यांना ओळखतात. मोहन खुर्चीत बसला आणि फॉर्म भरू लागला. एका रकान्यापाशी पेन थांबलं. संबंध. कुटुंबीय, मित्र, व्यावसायिक, अन्य. एकावरच खूण करायची.

"मित्र," मी सांगितलं.

"मित्र म्हणे," मोहन फॉर्मला म्हणाला.

"कुटुंबीय लिहा," शैलजा म्हणाली. "परक्या माणसाचा एवढा राग येत नाही कोणाला."

"आंटी, फ़ैमिली के लिए प्रमाण लगेगा. सरनेम अलग है ना."

"भाऊबिजेचं प्रमाणपत्र कोणत्या ऑफिसात मिळतं गं?" शैलजानं विचारलं. पोरीला सगळं समजलं. बोलायला मात्र ती खरंच अडखळली.

राहिलं 'अन्य'. मोहननं त्यावर खूण केली. शेजारी दोन ओळींची जागा होती, तपशील द्या म्हणून. त्यानं फॅक्टरीत रजिस्टर लिहायचा तशा सुवाच्य अक्षरांत लिहिलं, 'मुलीचा मामा. लग्नाला गैरहजर.' आणि फॉर्म माझ्याकडं सरकवला. खाली मला सही करायची होती, वरील माहिती सत्य असल्याची.

"ते गैरहजर खोड," मी म्हटलं.

"खोटं आहे का?"

"बँकेला काय करायचं आहे त्याच्याशी?"

"बँकेसाठी नाही लिहिलं."

मी दोनदा वाचलं. ऑपरेशन झालेल्या डोळ्यानंही वाचलं आणि न झालेल्यानंही. गेल्या आठ दिवसांत माझ्याविरुद्ध लेखी असं एवढंच होतं, आणि त्यात काही दुरुस्त करण्यासारखं मला सापडेना. मी सही केली. बाईंनी शिक्का मारला आणि म्हणाल्या, अठ्ठेचाळीस तास लागतील.

आम्ही तिघं बाहेर आलो. ऑटोवाले ओरडत होते. मी निघणार तेवढ्यात शैलजा मोहनला म्हणाली, पण मला ऐकू जाईल अशी, "बंटीला सांगा, उद्या दुकान बंद ठेव. यशूला मांडवपरतणीला घेऊन यायचं आहे."

"बंटी?" मी थांबलो. "मुराळी म्हणून बंटी जाणार?"

"मग कोण जाणार?" मोहन म्हणाला.

"मामा जिवंत असताना पोरीला सासरहून आणायला चुलतभाऊ? काय म्हणतील तिच्या घरचे?"

"तेच, जे म्हणून राहिले आहेत."

"मी जाईन."

"धूळ असते गाडीत," शैलजा म्हणाली. "गर्दी असते. तुमचा डोळा?"

"डोळा गेला चुलीत!" रस्त्यावरची चार माणसं वळून पाहू लागली, पण मला त्यांची पर्वा नव्हती. "उद्या सकाळच्या गाडीनं जातो. तिच्या सासरच्यांना तोंडावर सांगतो, आहेर किती होता आणि कोणी अडवला. आणि त्या काकांना विचारतो, दानशूर कोणाला म्हणालात?"

"तिथं जाऊन भांडू नका, दादा."

"भांडणार नाही. सांगीन फक्त."

मोहननं माझ्या कोटाच्या खिशाकडं पाहिलं. "तिकिटाला पैसे आहेत का? तुझं खातं तर बंद."

नव्हते. खिशात विनतानं दिलेली शंभराची नोट होती, तीही भाजीची. त्याच्याकडंही नव्हते, त्याचंही खातं बंद. शैलजानं पर्स उघडली. आतून लग्नातलं एक पाकीट निघालं, कोणा जुन्या वळणाच्या पाहुण्यानं बंटीचं न ऐकता हातात दिलेलं. तिनं ते न फोडताच माझ्या कोटाच्या खिशात कोंबलं.

"दोन तिकिटं काढा," ती म्हणाली. "येताना तिचं पण लागेल. आणि ते जावयाच्या समोर मोजत बसू नका."

मोहन ऑटोत बसला, मग पुन्हा डोकं बाहेर काढून म्हणाला, "स्टेशनवर उतरलास की फोन कर. मी उचलीन."

"उचलशील ना?"

"कर तर खरं बे," तो म्हणाला, आणि ऑटो सदरकडं वळली.